बाबांचे सुप्रभात

स्क्रीनवर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. कॉम्प्युटरमध्ये जागाच उरली नव्हती, म्हणून माझी मुलगी तिच्या बाबांच्या फोनचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवत होती. ते गेल्याला वर्ष होत आलं. त्यांचा फोन आम्ही नवा घेताना दुकानात देऊन टाकला होता.

"एवढं आहे तरी काय यात?" मी विचारलं.

"बाबांचे सुप्रभात असणार, दुसरं काय!"

रोज उठल्या उठल्या ते सगळ्या गोतावळ्याला फुलांचे फोटो पाठवायचे. मी वैतागायचे, "अहो, चहा गार होतोय."

"एखादा उघडून दाखव ना," मी मुलीला म्हटलं.

"नाही उघडत गं आई. बॅकअपला पासवर्ड आहे, तो बाबांनाच ठाऊक होता. आता नुसतं जपून ठेवता येतं."

माणूस गेल्यावर असंच होत असावं. सगळं घरातच असतं, हाताला लागतं, आणि आत शिरायला वाट नसते.

पट्टी भरली. मुलीनं वायर काढून ती काळी डबी माझ्या हातात दिली. "कपाटात ठेव. पाडू नकोस."

इतका वेळ चालून डबी कोमट झाली होती. मी कपाट उघडलं, पण ती गार होईपर्यंत माझ्यानं काही ती हातातून सोडवेना.