भैरवीला कुणी बसायचं नाही

छताचा जळता तुकडा गाणाऱ्या बाईच्या आणि तबलेवाल्या चाचांच्या मधोमध पडला, तरी तिनं गाणं सोडलं नाही. बसल्या जागेवरनं सतरंजीचा कोपरा त्याच्यावर ओढला, तळव्यानं दाबला आणि ओळ पुढं नेली. स्टेजपुढच्या टेबलावरची माणसं अजून खाली उतरायची होती. जिना एकच होता आणि स्वयंपाकघर पेटलेलं होतं. मी स्टेजच्या कडेला ओलं पोतं घेऊन उभी होते. मला वाटलं, आता ही मरणार आणि हिच्या पायी मीही मरणार.

राजारामपुरीतला बार. खाली कपड्यांचं दुकान, वर आम्ही. मी तिथं भाकऱ्या थापायला होते, तांबडा-पांढरा रस्साही माझ्याच हातचा. गाण्याचा बार म्हटलं की लोकांच्या तोंडावर एक हसू येतं, ते मी पुष्कळ बघितलंय. मंगळवार पेठेतल्या माझ्या शेजारणीनं एकदा विचारलं, "तिथं बायका नाचत्यात व्हय गं?"

मी म्हटलं, "न्हाय. तिथं पुरुष गप बसत्यात. ये एकदा बघायला, घरात कधी बघितलं नसशील."

खरंच गप बसायचे. गाणारी बाई चाळिशीची, मिरजेकडची. साधी साडी, केसांत काही नाही, समोर एक पेटी. भजन, गझल, लावणी, सिनेमातलं, सगळं म्हणायची, पण मागायची रीत होती. चिठ्ठी वेटरच्या हातात द्यायची, नोट उडवायची नाही. एका नव्या गिऱ्हाइकानं उडवली. तिनं गाणं थांबवलं, नोट उचलली, नीट घडी केली आणि वेटरला म्हणाली, "पावण्यांची नोट पडली बघा. देऊन या." सगळा हॉल हसला. तो माणूस पुढं वर्षभर येत होता, पण हात खिशात ठेवून.

मला गाण्यातलं काही कळत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, तिथं प्रार्थना म्हणायचो तेवढंच. पण भाकरी फुगताना हात कधी फिरवायचा हे जसं हाताला कळतं, तसं तिला गळ्यात कळत होतं. ती सूर लावायची तेव्हा आचारी कढईत झारा हळू फिरवायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता भैरवीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भैरवी म्हणजे मैफलीचं शेवटचं गाणं. त्यानंतर कुणी गात नाही, हे सगळीकडं आहे. आमच्याकडं त्याला एक पुरवणी होती. जिना लाकडी आणि इतका अरुंद, की दोन माणसं शेजारी शेजारी उतरू शकत नव्हती. पिलेली माणसं एकदम उठली की एकमेकांच्या अंगावर पडायची. मालकांच्या वडिलांना गाण्याचा नाद होता आणि डोकंही होतं. त्यांनी रीत घातली. भैरवी सुरू झाली की सगळ्यांनी उभं राहायचं. दाराजवळचं टेबल आधी उतरायचं, मग त्याच्यामागचं, असं करत स्टेजपुढचं शेवटी. आणि शेवटचा माणूस जिन्याला लागेपर्यंत गाणाऱ्यानं थांबायचं नाही. बिल आदल्या गाण्यालाच दिलेलं असायचं. भैरवीला जो बसून राहील त्याला आईबापानं काही शिकवलं नाही, असं तिथं मानायचे. दारू पिऊन शुद्ध नसलेला माणूसही भैरवीला भिंत धरून उभा राहायचा.

त्या दिवशी संध्याकाळ नुकतीच भरली होती. हॉल गच्च. भट्टीवरच्या धुराच्या पाइपात तेलाचा थर साचलेला, साफ करून घ्या म्हणून मी मालकांना सांगून दमले होते. त्या तेलानं पेट घेतला. सिलिंडर खाली बोळात असायचे, तिथली तोटी बंद करायला एक वेटर धावला. आचाऱ्यानं ओली पोती टाकली, पण आग पाइपातनं वर चढली होती. तो पाइप हॉलच्या फॉल्स सीलिंगच्या आतनं जाऊन स्टेजच्या मागं बाहेर निघतो, हे आम्हालाच माहीत. म्हणजे आग माणसांच्या डोक्यावरनं स्टेजकडं निघाली होती आणि खाली माणसं चकणा खात होती.

आम्ही स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. मी काउंटरवर जाऊन मालकांच्या कानात सांगितलं. त्यांनी तोंड उघडलं.

मी म्हटलं, "वरडू नका. आधी जिना बघा, मग माणसं बघा."

त्यांनी तोंड मिटलं आणि बंबाला फोन लावायला घेतला.

दोन गाण्यांच्या मध्ये मी बाईला गरम पाणी नेऊन द्यायचे, रोजचंच. त्यामुळं मी पेला घेऊन स्टेजवर गेले तेव्हा कुणी बघितलंही नाही. मी वाकून म्हटलं, "छतात पेटलंय. तुमच्याकडंच यायला लागलंय."

तिनं वर बघितलं नाही. दोन घोट पाणी घेतलं, पेला परत दिला आणि पेटीवर बोट ठेवता ठेवता म्हणाली, "चाचांना सांगू नका, मावशी. ते लय वाढवतील, आणि लय वाढली की माणसं पळतील."

आणि तिनं भैरवी लावली. रोजच्यासारखी, संथ.

हॉलमध्ये कुरकुर झाली. पुढच्या टेबलावर एक म्हातारे वस्ताद बसायचे, तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचे. ते म्हणाले, "मालक, आत्ता कुठं मटण सांगितलंय की."

मालक म्हणाले, "मटण उद्या, वस्ताद. आज माझ्याकडनं."

"घरात भांडण झालंय व्हय?"

"तसंच समजा."

"मग जावा बाबा. वहिनीपुढं आमचं काय चालणार," असं म्हणून वस्ताद उभे राहिले. ते उभे राहिले तसे सगळे उभे राहिले. दाराजवळचं टेबल निघालं. बिल कुणाकडं मागितलं नाही, तेव्हा एक जण जिन्यावर म्हणालाही, "मालकाची बायकू लईच रागावलेली दिसती." हसत हसत उतरले. त्यांच्यामागचं टेबल निघालं. मी दाराशी उभी राहून बघत होते. एकानंही धक्का दिला नाही.

वस्तादांच्या शेजारी तीन पावणे होते, पुण्याकडचे, पहिल्यांदाच आलेले. ते बसूनच. स्टेजच्या वरनं धूर खाली यायला लागला तेव्हा त्यातल्या एकानं मोबाईल काढला आणि म्हणाला, "वा, शेवटच्या गाण्याला धूर पण सोडतात वाटतं."

लग्नाच्या स्टेजवर सोडतात तसा धूर, असं त्याला वाटलं. तो शूटिंग घेत राहिला.

वस्तादांनी धुराकडं बघितलं, मग बाईकडं बघितलं. तिनं गाता गाता नुसती मान हलवली. त्यांना कळलं. आवाज न चढवता ते म्हणाले, "उठा, पावणं. हितं भैरवीला कुणी बसत न्हाय."

"अहो काका, गाणं ऐकतोय की."

"उभ्यानं ऐका. कान काय खुर्चीला न्हाईत."

उठले. पण त्यांच्यापुढची टेबलं अजून जिन्यावर होती, म्हणून वस्तादांनी त्यांना हातानं तिथंच अडवून धरलं. मी तोवर ओलं पोतं घेऊन स्टेजच्या कडेला आले होते. एवढ्यात तो जळता तुकडा पडला. पावण्याचा मोबाईल हातातनं सुटला. वस्तादांनी त्याच्या दंडाला जी पकड घातली ती त्यानं घरी जाऊन बायकोला दाखवली असेल. पळू दिलं नाही. जिन्यावर माणसं होती आणि ती अजून हसत उतरत होती. मागनं कुणी धावत गेलं असतं तर ती सगळी खाली ढीग होऊन पडली असती.

ती गात होती. खोकला आला की ओळीच्या शेवटी खोकायची, मध्ये नाही. चाचांना सांगितलं नव्हतं, पण चाचांना डोळे होते. सत्तरी ओलांडलेले, गुडघे गेलेले. त्यांनी वर बघितलं, मान खाली घातली आणि वाजवत राहिले. लय जिथं होती तिथंच.

जिना मोकळा झाला. वस्तादांनी पावण्यांना एकेक करून सोडलं, त्यांच्यामागं मालक, आचारी आणि वेटर उतरले, आणि वस्ताद स्वतः उलटे फिरून स्टेजवर चढले.

"चाचा, चला. पाठीवर या."

"सम येऊ द्या," चाचा म्हणाले.

"मेल्यावर येईल सम. चला म्हणतो न्हवं."

चाचांनी समेवर थाप दिली आणि मगच हात वर केले. डग्गा सोडायला तयार नव्हते. वस्तादांनी डग्ग्यासकट त्यांना पाठीवर घेतलं आणि जिन्याकडं गेले. ते जिन्याला लागले तशी ती थांबली. मी तिच्या डोक्यावर पोतं टाकलं, मनगट धरलं आणि ओढत नेलं. आम्ही जिन्याच्या मध्यावर असताना वरती छत बसल्याचा आवाज आला.

खाली रस्त्यावर बंबाची वाट बघत सगळी गिऱ्हाइकं उभी होती. आता कुठं त्यांना कळलं होतं. मघाशी बायकोचा विनोद करणारा माणूस फुटपाथवर बसला होता. बाईनं मला विचारलं, "कोण राहिलं?"

मी म्हटलं, "कोण न्हाय."

"भैरवी अर्धी राहिली," ती म्हणाली. तेवढंच.

मी फार गाणाऱ्या बघितलेल्या नाहीत. पण घाबरलेलं माणूस पुष्कळ बघितलंय, आणि घाबरून हात न हलणारी माणसं त्याहून जास्त. ही घाबरली होती. मनगट धरलं तेव्हा तिची नाडी कशी उडत होती ते मला माहीत आहे. गळ्यात त्यातलं काही येऊ दिलं नाही तिनं. तिला कुणी शाल-नारळ दिला नाही. बारमधल्या बाईला कोण देतो.

धुरानं तिचे वरचे सूर गेले. डॉक्टर म्हणाले, बरेच महिने गाऊ नका. ती गप बसली आणि मग खालच्या पट्टीत गायला लागली. मालकांनी बार पुन्हा काढला, आता जिने दोन आहेत आणि पाइप दर महिन्याला साफ होतो. मी भाकऱ्या थापायचं सोडलंय, पण अधूनमधून जाते. भैरवीला अजून सगळे उभे राहतात. मीही राहते, गुडघे दुखतात तरी.

त्या संध्याकाळी गिऱ्हाइकं सगळी वाचली. वेटर, आचारी, मालक वाचले. वस्ताद, चाचा आणि डग्गा वाचला. ती वाचली, मी वाचले.