ओटीवर झोपणारा माणूस

राहनाळच्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीला दाराऐवजी पडदा आहे. मी ड्रेसिंगसाठी बाहेर बसलो होतो. आत अंजूरचा एक हमाल होता, बाहेर बाकावर त्याची बायको.

खाजेवर त्याने रॉकेल लावलं होतं. डॉक्टर रागावले. मग जांघेच्या केसांना चिकटलेल्या बारीक उवा त्यांनी त्याला भिंगातून दाखवल्या.

"आयला, ह्या त चिंबोऱ्या! जल्म खाडीत खेकडं धरन्यात गेला, पन अशा न्हाय बघल्या."

डॉक्टर हसले. "रॉकेल बंद. लाली गेली की हे मलम लावून धुवायचं, आठवड्याने पुन्हा. कपडे, चादरी गरम पाण्यात. बायकोलाही तपासायला हवं."

"तिला न्हाय लागल्या. म्हनून तं मी ओटीवर झोपतोय." त्याचा आवाज उतरला. "गोदामात दोन शिफ्टची मानसं एकाच गोधडीवर पडतो. तितूनच आल्या. तिला पटंल का?"

"अंथरुणातून क्वचित होतं," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक वेळा संबंधातूनच."

बाकावरची बायको उठली, पडदा सारून दारात उभी राहिली. त्याने मान खाली घातली.

"ह्यासाठी ओटीवर झोपता व्हय? मला वाटलं, माझ्यावरनं मन उडालं."

तिने डॉक्टरांकडून मलम घेतलं, पदराच्या टोकात बांधलं.

"ती गोदामातली गोधडी बी घरी आना," ती म्हणाली. "आपल्या चादरींसंगं उकळते."