टेपवरची गुरुवारची नोंद

भूतबाधा, करणी, बाहेरचं – असल्या गोष्टींवरून मी आयुष्यभर लोकांशी भांडत आलोय. बायकोने नव्या स्कूटरला लिंबू-मिरची बांधली, तर मी ती तिच्यादेखत तोडून टाकली होती. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. आणि एक हात जोडून विनंती – "काका, टेप खराब असेल" अशी कमेंट टाकू नका. ते सगळं मी तेव्हाच तपासलंय.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. सांगलीजवळच्या एका मोठ्या फाउंड्रीत मी कॉम्प्युटर डिपार्टमेंटला होतो. हेड ऑफिस साताऱ्याला. दोन्हीकडे मिळून बरेच सर्व्हर झाले होते. त्यातला साताऱ्याचा एक बसला आणि आठवड्याभराचा डेटा गेला. साताऱ्याचे मोहिते साहेब फोनवर माझ्यावर डाफरले, "बॅकअपसाठी एक भरवशाचं सॉफ्टवेअर निवडा. परत असं झालं तर तुम्ही घरी!"

दोन कंपन्यांनी ट्रायलला सॉफ्टवेअर पाठवलं. सेल्समनच्या गोड बोलण्याला मी भुलणारा नव्हतो. माझी परीक्षा सरळ होती – सर्व्हरवरचं सगळं टेपवर घ्यायचं, त्याच वेळी मूळ फायलींची एक प्रत बाजूला ठेवायची. मग टेप कोऱ्या मशीनवर उतरवायची आणि दोन्ही अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. फरक निघाला की नापास.

पहिलं पास झालं. दुसऱ्याची टेप सोमवारी घेतली, मंगळवारी सकाळी उतरवली. सगळ्या फायली जुळल्या, एक सोडून. गेटवरच्या हजेरीची फाईल. टेपवरून उतरलेल्या फायलीत एक ओळ जास्त होती. टोकन नंबर ४१७, शंकर लेंगरे, सेकंड शिफ्ट. आत येण्याची वेळ दुपारी दोन बावन्न. बाहेर जाण्याची जागा कोरी. आणि तारीख... येत्या गुरुवारची!

माझं डोकंच फिरलं. मशीनची घड्याळं पाहिली – बरोबर. तीच टेप पुन्हा उतरवली – ओळ जागच्या जागी. नवीन टेप घेतली – ओळ गायब. म्हटलं, हा माणूस आहे तरी कोण? उठलो आणि थेट शॉपमध्ये गेलो.

शंकर आटपाडीकडचा. काळासावळा, अंगाने किरकोळ, तोंडाने मोकळा. क्रेनखाली साचे लावत होता. मला बघून हसला. "आवं सायेब, तुमी हितं? वाट चुकला काय?"

"या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे का तुझी?"

"न्हाई ओ. फर्स्ट हाय माजी. का, काय झालं?"

"काही नाही. कॉम्प्युटरमध्ये तुझ्या नावाची एक चुकीची नोंद आलीय."

"माजं नाव? कॉम्प्युटरमदी?" त्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं. "बघ गड्या, आता आपुन लय मोठं झालो!"

सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगू, मला हायसंच वाटलं. शिफ्ट फर्स्ट म्हणजे ती ओळ निव्वळ कचरा. गुरुवारचं मी त्याला काहीच बोललो नाही. काय बोलणार होतो? ज्या माणसाने लिंबू-मिरची तोडून टाकली, त्याने कामगाराला जाऊन सांगायचं की बाबा, गुरुवारी सांभाळ? माझी लाज मला आडवी आली. दुसरं काहीही नव्हतं.

बुधवारी साताऱ्याला फॅक्स केला. दुसऱ्या सॉफ्टवेअरपुढे माझ्या सहीने लिहिलं होतं – 'नसलेली नोंद दाखवते. भरवशाचं नाही.'

गुरुवारी दुपारी साडेचारच्या सुमारास भोंगा वाजला. अवेळी भोंगा म्हणजे काय, ते फाउंड्रीत नोकरी केलेल्यांना सांगायला नको. क्रेनची साखळी तुटली होती. खाली एकच माणूस होता.

नाव ऐकून मी म्हणालो, "शक्यच नाही, तो फर्स्टला आहे." टाइम ऑफिसच्या क्लार्कने सांगितलं, सेकंडच्या एकाची आई मिरजेला दवाखान्यात होती, म्हणून शंकरने सकाळीच शिफ्ट बदलून घेतली. मी धावत केबिनमध्ये आलो, हजेरीची फाईल उघडली. टोकन नंबर ४१७. आत – दोन बावन्न. बाहेर – कोरं. टेपवरच्या ओळीशी ताडून पाहिलं. कमांड तीनदा चुकली. फरक शून्य.

मोहिते साहेबांना फोन केला, "माझा तो शेरा काढून टाका." ते म्हणाले, "का?" मी फोन ठेवून दिला. पहिलं सॉफ्टवेअर घेतलं गेलं. पुढे मी असेपर्यंत ते एकदाही चुकलं नाही. मला मात्र त्याचा 'सक्सेसफुल' हा मेसेज वाचवत नसे.

पंधरा दिवसांनी शंकरची बायको कसल्याशा कागदांवर सही करायला आली होती. सुमन तिचं नाव. मला विचारत विचारत केबिनच्या दारात येऊन उभी राहिली.

"कॉम्प्युटरवालं सायेब तुमीच न्हवं? त्या मंगळवारी ह्यास्नी इचारायला आल्ता म्हनं तुमी..."

मी मान हलवली.

"घरी येऊन किती डाव सांगितलं! सायेब सोता आलं, माजं नाव कॉम्प्युटरमदी हाय म्हनलं. लय खूश हुते." तिने पदराने डोळे पुसले. "पर इचारायला कशापायी आल्ता, सायेब?"

मी म्हणालो, "सहज."

ती आली तशी गेली.

ती टेप माझ्याकडे अजून आहे. ती चालवणारा ड्राइव्ह आता कुठे मिळत नाही. ती ओळ आली कुठून, हे मोठमोठ्या तज्ज्ञांना विचारून झालं; कुणालाच सांगता आलं नाही, मलाही नाही. पण ते कळलं नाही याचं मला आता फारसं काही वाटत नाही. मंगळवार होता. मध्ये एक अख्खा दिवस होता. मी त्याच्यासमोर उभा होतो आणि त्याला वार सांगितला नाही.