खिडकीतून आलेला बाप

माझ्या फजित्या लिहायला बसले तर वही पुरायची नाही, पण पांढरकवड्याच्या नाताळची तेवढी ऐकाच. चहा निवला तरी चालेल.

तेव्हा मी नुकतीच शाळेत लागले होते, तीही हंगामी. हातातला खडू मोडला तरी दचकणारी मी. त्या डिसेंबरात मिशनच्या दवाखान्याकडून एक विनोदी इंग्रजी सिनेमा आला. खिडक्यांना सतरंज्या लावून भरदुपारी हॉलात अंधार केला. मुलींच्या आया, तांड्यावरच्या बाया, सगळ्या जमल्या. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, उठून म्हणाल्या, "आपल्या नव्या बाई इंग्रजी घेऊन बी.ए. झाल्या आहेत. त्या मागे उभ्या राहून सगळं मराठीत सांगतील." आणि स्वतः ऑफिसात निघून गेल्या.

आता काय करायचं, सांगा. माझं इंग्रजी पुस्तकातलं. पडद्यावरची माणसं नाकातून आणि भरधाव बोलत होती. अक्षर कळेना. कळत नाही म्हणावं, तर नोकरी राहते का?

तेवढ्यात एक दाढीवाला खांद्यावर पोतं टाकून खिडकीतून घरात शिरला. मी दचकून ओरडले, "चोर!"

हॉल खूश. पण घरच्या बाईनं त्या चोराला चक्क बशीत केक दिला.

पुढे तांड्यावरची सोनाबाई बसली होती. तिनं वळून न बघताच विचारलं, "बाई, चोराले खाऊ घालून राह्यली काय थे?"

"तिला वाटलं, पाहुणा आहे."

"अन् पोट्टे काहून बिलगले त्याले?"

"भोळी आहेत."

चोर खुर्चीवर चढला आणि सजवलेल्या झाडासकट आडवा झाला. बाया हसून हसून एकमेकींवर पडल्या. मग त्यानं दाढी काढली. आत कोण? घरचाच बाप. मुलांसाठी नाताळबाबाचं सोंग घेऊन आलेला.

इथंच खरं सांगायला हवं होतं की नाही? पण तोंडातून निघालं, "बघा, चोरानं आता बापाचं रूप घेतलं."

"अव माय. मंग खरा बाप कुठी गेला?"

"येईल."

सिनेमा संपला, बाप काही आला नाही. अंधारातून पुन्हा सोनाबाई, "पुढच्या साली येईन काय?"

"येईल," मी म्हटलं आणि दिवे लागायच्या आत मागच्या दारानं पळाले.

पुढच्या नाताळला हॉलात पाय ठेवायला जागा नव्हती. सिनेमा तोच, मिशनकडे दुसरा नव्हताच. मोठ्या बाई चकित. "पाहिलेल्या सिनेमाला एवढी गर्दी? आहे तरी काय त्यात?" मग हळूच म्हणाल्या, "नीट सांगा हं. यंदा तुम्हाला कायम करायचं आहे."

गर्दी कशाला, ते मला एकटीलाच ठाऊक. बाप आला का, ते बघायला केळापुराहून बैलगाड्या आल्या होत्या.

यंदा मात्र मी दवाखान्यात जाऊन गोष्ट नीट समजून घेतली होती. अंधारात उभी राहून शब्द न् शब्द खरा सांगितला. हा चोर नाही, बापच आहे, सोंग घेतलंय. कुणी हसेना. तो झाडासकट पडला, तरी कुणी हसेना.

शेवटी सोनाबाई उठून उभी राहिली.

"मोठ्या बाई, ह्या बाईले काही समजूनच नाही राह्यलं. मागच्या सालच्या बाईले बलवा. तिले इंग्रजी येत होतं."