मागितलेलं अंगडं

साठी उलटल्यावर मी नातीच्या पाटीवर अक्षरं गिरवली, त्यामुळे माझं लिहिणं वाकडंतिकडं आहे. पण ही गोष्ट मला तोंडानं कुणाला सांगता आली नाही, म्हणून लिहूनच ठेवते. एका अंगड्याची गोष्ट आहे. ते मी स्वतःच्या हातानं विणलं. पण ते मी दान दिलं, की आमच्या घरानं भीक मागून आणलं, हे मला अजूनही धड सांगता येणार नाही.

तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची असेन. माहेर अमरावतीचं, सासर अकोल्याचं, मोर्णेच्या काठी. आम्ही माळी. सासऱ्यांचा भाजीचा मळा होता आणि थोडी काळी जमीन, तिच्यात कापूस. समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई लागली होती म्हणे, आणि तिच्यामुळे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लढाई तिकडे आणि पैसा इकडे, हे कसं, ते मला कधी उमगलं नाही. ज्यांना उमगलं असं ते सांगत, त्यांनाही उमगलं नव्हतं असं माझं मत आहे. एवढं खरं, की दोन हंगामांत आमच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या, आणि सासूच्या गळ्यात इतकं काही आलं की वांगी तोडायला वाकली की ते सगळं झाडाला अडकायचं. तरी तिनं भाजी विकणं सोडलं नाही.

आगगाडीच्या रुळाचं काम तेव्हा आमच्या भागात चाललं होतं. त्या कामावरच्या एका साहेबाचा बंगला गावाबाहेर होता आणि तिथं भाजी पोचवायचं काम माझ्याकडे होतं. साहेबाची मडम दुपारी ओसरीवर खुर्ची टाकून लोकर विणत बसायची. एकच सुई, हाडाची, टोकाला आकडा असलेली. त्या आकड्यानं ती धाग्यातून धागा ओढायची आणि बघता बघता कापड वाढायचं. मी मेथीची जुडी हातात धरून बघतच राहायची. एक दिवस तिनं मला खाली बसवलं आणि सुई माझ्या हातात दिली. तिचं हिंदुस्थानी मोडकं, माझं त्याहून मोडकं, पण हातांना भाषा लागत नाही. महिन्याभरात मला साखळी आली, मग टाके आले.

तिच्याकडे एक टोपली होती. तिच्यातला एकही गुंडा पुरा नव्हता. साहेबाच्या मोज्यांची उरलेली करडी लोकर, कुठल्याशा शालीची तांबडी, थोडी निळी, आणि एक घाणेरडी पिवळी, ती कशाची होती देव जाणे. त्या उरलेल्यातून लहान मुलांची अंगडी विणायची, एका पेटीत टाकायची, आणि त्यांचा थंडीतला मोठा सण आला की गरिबांच्या मुलांना वाटायची, असा तिचा बेत होता. ती मलाही त्या कामात घेऊ पाहत होती.

मी घरी येऊन सांगितलं, तर सासू म्हणाली, "दानात काय उरलंसुरलं देतात व? त्याईची रीतच उलटी."

मलाही तसंच वाटलं. आमच्यात दान म्हणजे नवं कोरं, नाहीतर देऊच नये. मडम इतकी भली बाई, आणि उरलेलं देऊन इतकी खुश कशी होते, हे मला कळेना.

त्याच सुमाराला माझ्या मोठ्या जाऊबाईंना दिवस गेले होते. त्यांची आधीची दोन मुलं गेली होती. एक विसाव्या दिवशी, दुसरं चौथ्या महिन्यात, दोन्ही थंडीत. ज्या बाईची मुलं वाचत नाहीत, तिनं पुढच्या मुलाला घरचं काही घालायचं नाही, अशी आमच्यात रीत. आईनं पाच घरी जाऊन पदर पसरायचा आणि लोकांच्या घरचं उरलेलं मागून आणायचं. त्याचं अंगडं शिवायचं. म्हणजे ते मूल भिकाऱ्याचं ठरतं आणि त्याच्यावर कुणाची नजर जात नाही. नावही दगडधोंड्याचं ठेवतात.

जाऊबाई मला सोबत घेऊन मागायला निघाल्या. पूर्वी हे सोपं होतं. घरोघरी चरखा होता, सुताचे उरलेले गुंडे खुंटीला लटकलेले असायचे. पण आता कापसाचं बोंड न् बोंड बाजारात जात होतं आणि चरखे माळ्यावर चढले होते. पहिल्या घरच्या बाईनं पदरात जरीच्या काठाचं नवं कापड टाकलं. आम्ही म्हटलं, चिंधी द्या. ती रागावलीच. "तुमच्यासारख्याईले चिंधी देऊ मी? लोकं काय म्हनतीन?" दुसऱ्या घरी खण मिळाला, तिसऱ्या घरी विलायती छीट. पाचव्या घरी तर आम्हाला पाटावर बसवून ओटी भरली.

सासूनं ती पाच कापडं पाहिली आणि कपाळाला हात लावला. "हा तं आहेर झाला! भीक कुठी हाय याच्यात?"

मला हसू फुटलं. सारं गाव इतकं श्रीमंत झालं होतं, की मागायला गेलं तर उरलेलं म्हणून कुणाकडे काही निघेना. पण जाऊबाई हसल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या आणि पोटावर हात ठेवून जमिनीकडे बघत राहिल्या. त्या घाबरल्या होत्या, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं, आणि मला स्वतःच्या हसण्याची लाज वाटली.

मग मीच मडमच्या टोपलीचं बोलले. सासूनं खोदून खोदून विचारलं. लोकर खरंच उरलेली असते का? निरनिराळ्या कपड्यांची असते का? विकत तर देत नाही ना? मी म्हटलं, लोकर मला मिळेल, पण विणलेलं अंगडं पेटीत जाईल, घरी आणू देणार नाही. सासूनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मंग त बेसच झालं. तू विन, पेटीत टाक. वाटाच्या दिवशी मोठी सून जाईन न् पदर पसरून मागीन. मडमच्या हातून घेईन."

"पन आत्याबाई, विनलं तं मीच ना?"

"कोष्टी विनते म्हून लुगडं काय कोष्ट्याचं असते? पेटीत गेलं का ते आपलं नाई राह्यलं. फक्त देनारा हात आपल्या घरचा नाई पायजे."

हे बोलणं मला पटलं, आणि पटलं नाहीही. पंधरा दिवस मी ते अंगडं विणत होते. तांबडी लोकर छातीपाशी संपली, तिथून करडी लावली. ती पिवळी मी टाळत होते, पण शेवटी गळ्याला लावावीच लागली. एक बाही लांब झाली. मडमनं ती उसवली, मी पुन्हा विणली, ती पुन्हा लांबच झाली. विणताना कुणाचं मूल डोळ्यांसमोर आणावं, हेच मला ठरवता येईना. जाऊबाईंचं आणावं तर मडमला फसवल्यासारखं, गरिबाचं आणावं तर जाऊबाईंचं दैव दुसऱ्याला दिल्यासारखं.

वाटण्याच्या दिवशी बंगल्यासमोर रुळावरच्या मजुरांच्या बायका रांगेत उभ्या होत्या. कुठल्या कुठल्या मुलखातून आलेली माणसं. त्यांच्यात आमच्या जाऊबाई. अंगावरचं सोनं काढून, मळ्यात नेसायचं जुनं लुगडं नेसून, पुढे आलेलं पोट सावरत उभ्या. मी मडमच्या बाजूला पेटीजवळ होते. मोठे कपडे आधी संपले, मग लहान. जाऊबाई पुढे आल्या तेव्हा पेटीत एकच अंगडं उरलं होतं, माझं. मडमनं मुद्दाम ते शेवटपर्यंत ठेवलं असावं. तिनं ते उचललं आणि मोठ्या कौतुकानं माझ्याच हातात ठेवलं. "तुम बनाया, तुम दो."

देणारा हात घरचा झाला की सगळं फुकट. मी ते मडमला परत देऊ लागले. तिला वाटलं मी लाजते आहे. ती हसली आणि मला पुढे ढकललं. जाऊबाईंनी पदर पसरला होता. त्यांच्या मागे एक बाई होती. तिच्या कडेवर चारेक महिन्यांचं मूल होतं, कापसाच्या गाठीच्या गोणपाटात गुंडाळलेलं. गोणपाटाला अजून कापूस चिकटलेला होता. ते मूल खोकत होतं. तिनं पदर पसरला नव्हता, नुसती उभी होती.

मी अंगडं जाऊबाईंच्या पदरात टाकलं.

मडम काहीतरी बोलली. आधी जाऊबाईंच्या पोटाकडे बोट केलं, मग त्या मागच्या मुलाकडे. मी समजलं नाही असं दाखवलं. खरं तर त्या दिवशी तिची सगळी भाषा मला समजली होती. मागची बाई वळून गेली.

घरी पोचल्यावर सासूनं पहिलं हेच विचारलं, "कोनाच्या हातून घेतलं?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊबाई म्हणाल्या, "मडमच्या."

गडबडीत त्यांच्या लक्षात आलं नसेल, असं मी धरून चालले. माघात मुलगा झाला. दगडाचं नाव ठेवलं, ते अंगडं घातलं, लांब बाही दुमडून. तो जरा शिंकला की माझा जीव जायचा. माझ्या हातानं दिलेलं, म्हणजे मागणं खोटं, म्हणजे आता हा जाणार, असं मी दोन हिवाळे धरून बसले होते. तो काही गेला नाही. उलट चांगला दांडगा झाला. मग रीत खरी ठरली की खोटी? मी पुष्कळ विचार केला आणि डोकं धरून सोडून दिला.

पण त्या दुसऱ्या मुलाचं काय? वाटण्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मडमकडे गेले, टोपलीतली राहिलेली लोकर मागितली, आणि आठ दिवसांत दुसरं अंगडं विणून काढलं. तोवर मजुरांची ती टोळी पुढे गेली होती. चैत्रात माहेरी अमरावतीला निघाले तेव्हा अंगडं बरोबर घेतलं. बडनेऱ्याच्या अलीकडे मजुरांची पालं दिसली, तशी मी बैलगाडी थांबवायला लावली आणि विचारत फिरले. कोणती बाई, म्हणाले. नाव ठाऊक नव्हतं. तोंडही मी नीट पाहिलं नव्हतं, गोणपाट तेवढं पाहिलं होतं. आणि तिथं तर दर दुसरं मूल गोणपाटात होतं. एका बाईनं अंगड्याकडे हात केला, तिच्याही कडेवर मूल होतं. मी अंगडं मागे घेतलं आणि म्हटलं, हे दुसरीचं आहे. असं का केलं, ते मला आजही सांगता येत नाही. उघडं मूल समोर होतं आणि मी त्याला सोडून दुसरंच शोधत होते.

अंगडं तसंच परत आलं. पुढे ती लढाई संपली म्हणे, कापसाचा भाव पडला, शेंब्या गेल्या, सासूचं गळ्यातलं गेलं. साहेब-मडम बदलून गेले. अंगडं माझ्या पेटीत तळाशी राहिलं.

त्याच पुतण्याला पहिलं मूल झालं तेव्हा जाऊबाई माझ्या खोलीत आल्या. केस पांढरे झाले होते त्यांचे. "तुह्या पेटीत ते दुसरं अंगडं हाय ना? काढ. नातवाले घालू."

"ते आपलं नाई," मी म्हटलं.

"मंग कोनाचं हाय?"

तीस वर्षं मनात घोळवलेलं एकदम कसं सांगायचं? त्या माझ्या शेजारी बसल्या.

"मले मालूम हाय कोनाचं," त्या म्हणाल्या. "खोकत होतं ते. माह्या कानामागंच होतं सारा वेळ. मागं वळून पाह्यलं असतं तं पदर आवरून घ्या लागला असता. म्हून मी पाह्यलंच नाई. न् हात कोनाचा होता, तेई मले मालूम होतं."

मी पेटी उघडून अंगडं काढलं. जाऊबाईंनी ते मांडीवर पसरलं. याचीही एक बाही लांबच होती. ती त्यांनी हातानं सरळ केली, पुन्हा केली, आणि मग घडी घालून पेटीत ठेवून दिलं. नातवाला आम्ही बाजारातून नवं आणलं.