पाच हजारांचा निळा सेल

बाता मारण्यात तुर्भ्यात माझा हात धरणारा कोणी नाही. दिघ्यात एका बारशाला मी फ्लॅश मारला, तर दूर पावणे गावात लोकांनी वीज चमकली समजून वाळत घातलेले कपडे आत घेतले, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. खाडीतले फ्लेमिंगो उजाडलं म्हणून चरायला लागले, हेही सांगतो. लोक हसतात आणि लग्नाच्या फोटोंची ऑर्डर देऊन जातात. थोडक्यात, मोठ्या आकड्यावर माझा जीव आहे. हे आधीच कबूल करून टाकतो.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, धान्य मार्केटात माथाडी होते. साताऱ्याकडून आले तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं. तेव्हापासून त्यांनी वाहिलेल्या गोणी रचल्या, तर पारसिकचा डोंगर त्यांच्या आडोशाला बसून विडी ओढेल. आणि हाताला वजन असं कळायचं की, "शेठ, हिच्यात अर्धा किलो कमी हाय," असं नाना म्हणाले की व्यापारी गोण काट्यावर चढवायचा आणि खरंच काटा मान खाली घालायचा. ही बात नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रिटायर व्हायच्या आठवड्यात ते मला म्हणाले, "माझा एक फोटू काढशील? गोणीखालचा."

"गोणीखालचा कशाला? हार-शालीचा काढतो की."

"ते हायतच. घरातलं माझं समदं फोटू बघ. फेटा, पांढरी कापडं, हातात पत्रावळ. बघनाऱ्याला वाटंल, हा मानूस जन्मभर नुसता लग्नं जेवत फिरला."

त्यांच्या टोळीचा एक रिवाज आहे. रिटायर होणारा माणूस शेवटची गोण थप्पीवर लावतो आणि गोण ओढायचा आपला हूक मुकादमाच्या हातात देतो. ती गोण एकदाच पाठीवर घ्यायची. मध्ये खाली ठेवली तर परत घ्यायची नाही. म्हणजे फोटोला संधी एकच. गाळ्यात अंधार, उजेड दारातून आणि तोही माणसाच्या पाठीमागून. फ्लॅश नसेल तर माणसाचा नुसता काळा ठोकळा येतो. माझ्या फ्लॅशचे जुने रिचार्जेबल सेल दमले होते, म्हणून वाशीला नवे घ्यायला निघालो. नाना म्हणाले, "मी पन येतो."

दुकानदाराने दोन पाकिटं पुढे टाकली. पांढऱ्या सेलवर दोन हजार लिहिलेलं, बारीक अक्षरात, कोणाची तरी माफी मागितल्यासारखं. निळ्यावर पाच हजार, सोनेरी अक्षरात, बाजूला वाघाचा जबडा.

"ह्यो आकडा कसला?" नानांनी विचारलं.

"सेलच्या पोटात करंट किती मावतो त्याचा."

नानांनी दोन्ही तळहातांवर एकेक सेल घेतला आणि हात जरा वर-खाली केले. "निळा हलका हाय."

"नाना, आता टेक्नॉलॉजी बदललीय. हलकं तेच भारी."

"पाच हजार मावत्यात म्हनतूस. मग जड नको का लागाय?"

"ही बटाट्याची गोण नाही, नाना."

दुकानदार हसला. मीही हसलो, त्याच्यापेक्षा मोठ्याने. नानांनी निळा सेल काउंटरवर अलगद ठेवला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी निळ्याची दोन पाकिटं घेतली.

नानांच्या शेवटच्या दिवशी गाळ्यात पाऊल ठेवताच मी हुकूम सोडला, "मोबाईल सगळ्यांनी खिशात ठेवा. स्क्रीनचा उजेड माझ्या फ्रेममध्ये नकोय." एवढे राकट गडी, पण निमूटपणे त्यांनी मोबाईल खिशात घातले. कॅमेरावाला म्हणजे नानांचाच मुलगा ना.

आधी शाल, नारळ, हार. मी प्रत्येक गड्याचा नानांबरोबर फोटो काढला, मुकादमाचे तर चार. फ्लॅश उडवायला मला नुसतं निमित्त हवं होतं. मग हार काढून नाना वाकले, दोघांनी तांदळाची गोण त्यांच्या पाठीवर दिली आणि ते चार पावलं चालून आले.

"थांबा नाना."

बटण दाबलं. फ्लॅश पेटलाच नाही. तयार झाला की त्याच्या पाठीवर लाल दिवा लागतो. तो लागेना. आतून नुसता डास अडकल्यासारखा आवाज.

गोण घेऊन चालायचं असतं, उभं राहायचं नसतं. माथाड्याच्या घरात हे रांगत्या पोराला कळतं. मलाही कळत होतं. तरी मी म्हणालो, "असेच थांबा, एक मिनिट."

दिवा लागला. दाबलं. काडी ओढल्याएवढा उजेड पडला. स्क्रीनवर काळा ठोकळा.

मुकादम म्हणाला, "फोटू काढतोयस का मुहूर्त काढतोयस रे? खाली ठिवू दे त्यांना."

गोणीखालून नानांचा आवाज आला, "खाली ठिवली म्हंजी संपलं. मी हाय उभा. काढ तू."

मी दुसऱ्या पाकिटातले सेल घातले. तेही वाघच. डास तसाच गुणगुणत राहिला. नानांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. दोन गडी पुढे सरकले, त्यांना नानांनी मानेनेच मागे सारलं. वीसेक जणांच्या खिशात मोबाईल होते. एकाने तरी माझं न ऐकता बाहेर काढायला हवा होता.

मग त्यांचा गुडघा गेला. गोण पाठीवरून घसरली, फाटली आणि नेमका तेव्हाच लाल दिवा लागला. माझं बोट बटणावरच होतं. फ्लॅश उडाला. पूर्ण, लख्ख. मी हे वाढवून सांगत नाही. एवढं एकच मी वाढवून सांगत नाही.

सगळे खाली बसून ओंजळींनी तांदूळ भरायला लागले. नाना भिंतीला धरून उठले, मुकादमाला हूक दिला आणि कोपऱ्यातल्या नळावर हात धुवायला गेले. त्या हातांतून अख्ख्या नोकरीत एक गोण पडली नव्हती.

संध्याकाळी घरी चहा घेताना त्यांनी विचारलं, "आला का फोटू?"

फोटो कार्डात होता. अजून आहे. तसा उजेड मला पुन्हा साधलेला नाही. हवेतला तांदूळ दाणा दाणा मोजता येतो. नाना एका गुडघ्यावर आहेत, हात मागे गोणीला पकडायला गेलेत आणि नजर माझ्याकडे.

"नाही आला," मी म्हणालो.

त्यांनी कप खाली ठेवला. मग टेबलावर पडलेल्या सेलांतला एक उचलून तळहातावर घेतला, हात जरा वर-खाली केला आणि सेल परत जागेवर ठेवला.

"मग हाराचाच लाव," म्हणाले.