शिट्टीचं चित्र

आमच्या खेळाचा नियम सोपा होता. वाक्प्रचार माझा, शब्द यांचा, आणि दोन्ही मिळून एकच चित्र. सकाळी हे दाढी करायला बसले की मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अहो, आज डोक्यावर मिरे वाटायचेत. शब्द टाका!" फेसाळलेल्या तोंडाने हे म्हणायचे, "कंडक्टर!" मग दुपारी मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर एसटीचा एक काडीपैलवान कंडक्टर काढायचे आणि त्याच्या टकलावर पाटा-वरवंटा घेऊन बसलेली जाडजूड बाई.

संध्याकाळी हे कामावरून आले की चित्र हातात घ्यायचे, मुद्दाम उलटं धरायचे, चष्मा वर-खाली करायचे आणि म्हणायचे, "आता बरा दिसतो."

"आज चहा मिळणार नाही," मी म्हणायचे. चहा अर्थात तयारच असायचा. हे निवृत्त झाले तरी यात काही बदललं नाही.

मागच्या वर्षी हे भिंगारहून नगरच्या दवाखान्यात साध्या तपासणीला निघाले. रिक्षात बसल्यावर एकदम आठवलं म्हणून डोकं बाहेर काढून ओरडले, "आजचा शब्द राहिला. शिट्टी!" रिक्षावाला हसला. दवाखान्यात यांना ठेवून घेतलं आणि हे घरी परत आलेच नाहीत.

शिट्टीचं चित्र मी काढलं नाही. ते काढलं की यांचे शब्द संपले. ते संपवायला मी तयार नव्हते.

खेळ मात्र सुटेना. शब्द स्वतःच ठरवून पाहिला, पण आपल्याच हाताने गुदगुल्या होत नाहीत, तसंच ते. बंगळूरची लेक मोबाईलवर शब्द पाठवू लागली: 'आशा', 'प्रवास'. आता आशेला शेपूट कुठून काढणार? शेवटी दारावरच्या भाजीवालीकडे शब्द मागितला.

"आवं ताई, मेथी हाय की ताजी," ती म्हणाली.

मेथीचं चित्र काढून तिला दाखवलं. तिने पदराला हात पुसले आणि चित्र नीट सरळ धरलं. "लई भारी हाय," म्हणाली. बिचारी मनापासून म्हणाली, आणि मला तिचाच राग आला.

परवा केर काढताना दारामागच्या खुंटीवर यांची पिशवी दिसली. रोजच दिसते. पण परवा तिच्याकडे पाहताना वाक्प्रचार सुचला: जीव टांगणीला लागणे. शब्द तर होताच. केरसुणी तिथेच टाकून मी रंग काढले. खुंटीला बनियनसकट अडकलेला एक गोलमटोल जीव, पायात एकच चप्पल, आणि कोणीतरी येऊन खाली उतरवावं म्हणून गाल फुगवून शिट्टी फुंकतोय. काढताना मला हसू येत होतं. किती तरी दिवसांनी.

संध्याकाळपर्यंत चित्र वाळलं. दाखवायला घरात कोणी नव्हतं. मी ते उलटं धरलं. जीव आता टांगलेला वाटेना, पाय वर करून कोलांटी मारताना दिसला.

"आता बरा दिसतो," मी मोठ्याने म्हणाले.



"आज चहा मिळणार नाही," तेही मीच म्हणाले. आणि त्या दिवशी चहा खरंच केला नाही.